हरऊवतीश: कंदाहारचा जुना इराणी सुभा

धुळाक्षर

गाडीचा हप्ता भरताना आणि गावच्या हरिनाम सप्ताहाची वर्गणी देताना आपण एकाच शब्दाची दोन रूपं वापरतो, हे मला फार उशिरा कळलं. सप्त म्हणजे सात. इराणी जिभेवर शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' होतो, म्हणून सप्तचं हप्त आणि सिंधूचं हिंदू. त्याच हिशेबाने 'सरस्वती'चं काय होईल? अवेस्तात (पारशांच्या धर्मग्रंथात) ती 'हरख्वैती' आहे, जुन्या फारसी शिलालेखांत 'हरऊवतीश', आणि ग्रीकांनी आपल्या परीने त्याचं 'अराखोसिया' केलं.

हा धागा त्या प्रांताबद्दल आहे. आजच्या नकाशात पाहायचं तर दक्षिण अफगाणिस्तान, कंदाहार आणि अर्गंदाब नदीचं खोरं. सायरस आणि दारियसच्या हखामनी साम्राज्यातला हा पूर्वेकडचा सुभा. पर्सेपोलिस या राजधानीपासून सरळ रेषेत मोजलं तरी हजार-बाराशे किलोमीटर, आणि मध्ये वाळवंट.

इतका लांब आहे म्हणून कुणी विचारत नसेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियसने स्वतःची कथा कोरून ठेवली आहे, तिच्यात या सुभ्याला चांगली जागा मिळाली आहे.

इ.स.पू. ५२२. राजा कंबुजीयाच्या (ग्रीकांचा कॅम्बिसिस) गादीवर त्याचा भाऊ बर्दिय बसला आणि लवकरच कंबुजीय मेला. दारियसचं म्हणणं असं की हा खरा बर्दिय नव्हेच, गौमात नावाचा तोतया, म्हणून मी त्याला मारलं. (खरा तोतया कोण होता यावर आजही इतिहासकारांचं भांडण चालू आहे. दारियस सोडून दुसरा साक्षीदार नाही.) लगेच खुद्द पार्स प्रांतात वह्यज्दात नावाचा आणखी एक जण उभा राहिला, 'मीच बर्दिय' म्हणत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसाच प्रकार.

या वह्यज्दाताने काय केलं? दारियसशी घरात लढाई समोर दिसत असताना एक फौज थेट पूर्वेला हरऊवतीशवर धाडली. तिथे विवान नावाचा दारियसचा क्षत्रप (सुभेदार) होता. पहिली लढाई कापिशकानी किल्ल्यापाशी, आजच्या कालगणनेने २९ डिसेंबर ५२२. दुसरी गंदुतव भागात, २१ फेब्रुवारी ५२१. दोन्ही विवानने जिंकल्या. हल्ला करणारा सरदार मोजक्या स्वारांनिशी अर्शादा किल्ल्यात पळाला, विवानने पाठलाग करून त्याला पकडलं आणि मारलं.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते हे की तोतयाला तिकडे फौज पाठवावीशी वाटली. वायव्येला हेरातकडे, पुढे बल्खकडे, पूर्वेला बोलन घाटातून सिंधूकडे जाणारे रस्ते इथे जुळतात. हा नाका ज्याच्या हातात, त्याच्या हातात पूर्वेकडून येणारा माल आणि माणूस. आपण नकाशावर सरहद्द म्हणून एक रेघ ओढतो आणि तिथे जग संपलं असं धरून चालतो. हा सुभा मात्र भर नाक्यावर होता.

आता माल. सुसा या दुसऱ्या राजधानीतल्या राजवाड्याच्या बांधकामाची दारियसने यादी कोरली आहे: कुठून लाकूड, कुठून सोनं, कुठून कारागीर. तिच्यात हस्तिदंत तीन ठिकाणांहून आला असं लिहिलंय: कूश, हिंदू आणि हरऊवतीश. कूश म्हणजे नाईलच्या वरचा देश, तिथे हत्ती आहेत. हिंदू म्हणजे सिंधूचा प्रदेश, तिथेही ठीक. पण कंदाहारच्या कोरड्या डोंगरांत हत्ती? माझा अंदाज, माल पलीकडचा होता, पावती नाक्यावर फाटली.

आणि आता माझी आवडती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. पर्सेपोलिसचा खजिना १९३० च्या दशकात शिकागोच्या मंडळींनी खणला. तिथे हिरवट, कठीण दगडाचे खल, बत्ते आणि थाळ्या सापडल्या. सुबक, गुळगुळीत घासलेल्या. त्यांतल्या दोनशेच्या आसपास वस्तूंवर शाईने अरामी लिपीत (ही साम्राज्याच्या कचेऱ्यांतली लिपी) मजकूर आहे, आणि त्यात 'हरऊवतीमधला खजिनदार' हा हुद्दा येतो. काळ दारियसचा मुलगा क्षयार्ष (झर्क्सिस) आणि नातू यांचा. म्हणजे कंदाहारकडून खलबत्ते राजधानीला जात होते.

कशासाठी? पहिला अर्थ लावणाऱ्यांना वाटलं, होम (आपला सोम) कुटायला, यज्ञविधीसाठी. नंतरच्या अभ्यासकांनी तोच मजकूर कर किंवा नजराण्याच्या नोंदी म्हणून वाचला. मी दुसऱ्या बाजूचा. पण वाद जिवंत आहे.

पुढे सिकंदर, मौर्य वगैरे आहेच. टंकून हात दुखले, सवडीने टाकतो.

---

सांडणीस्वार

मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध शंका: गांधारी कंदाहारची ना? मग हा गांधार प्रांतच झाला की.

---

धुळाक्षर

@सांडणीस्वार, शंका बाळबोध नाही, निम्म्या महाराष्ट्राची आहे. दारियसच्या याद्यांमध्ये 'गदार' (गांधार) आणि 'हरऊवतीश' ही दोन वेगळी नावं आहेत. गांधार म्हणजे पेशावरचं खोरं आणि आजूबाजूचा मुलूख, पुढे तक्षशिलेकडे. कंदाहारपासून तो बराच ईशान्येला. गांधारी तिकडची.

कंदाहार हे नाव कुठून आलं यावर दोन तट आहेत. एक म्हणतो गांधारहून आलेल्या लोकांनी नाव सोबत आणलं, दुसरा म्हणतो सिकंदरच्या नावाचा अपभ्रंश. काहीही असलं तरी गांधारीचं माहेर तिथे हलवता येत नाही.

---

मावळतीकर

म्हणजे ऋग्वेदातली सरस्वती अफगाणिस्तानात होती असं सुचवताय का? सरळ लिहा की.

---

धुळाक्षर

नाही, तसं सुचवत नाहीये. नाव एक आहे, एवढंच लिहिलं आहे आणि त्यावर भाषातज्ज्ञांत वाद नाही. सरस्वती म्हणजे सरोवरं-डबकी असलेली, भरपूर पाण्याची. असं नाव दोन नद्यांना मिळू शकतं आणि लोक एकीकडून दुसरीकडे जाताना नावही नेऊ शकतात. कुणी कुठून कुठे नेलं, हा वेगळा आखाडा. त्यावर इथे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही बंद पडले आहेत.

शेजारचीच हेलमंद नदी अवेस्तात 'हएतुमंत' आहे, संस्कृतात 'सेतुमंत' होईल. तिच्यावरून अजून कुणी भांडलेलं नाही.

---

मावळतीकर

ठीक. पण 'कोरडे डोंगर' आणि 'भरपूर पाण्याची' हे जरा जुळवून दाखवा.

---

वाळूचा_कण

@मावळतीकर, मी जुळवतो. इथे आखातात आमच्या गोदामात एक कंदाहारी ड्रायव्हर आहे, साठीचा. त्याला अर्गंदाब विचारलं की पहिला शब्द डाळिंब. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नदीच्या दोन्ही काठांनी बागा, द्राक्षं, तुती आणि बागांची भिंत ओलांडली की दगड. मध्ये काहीच नाही. 'एक पाय सावलीत, एक पाय तव्यावर' असं तो हाताने दाखवतो. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, पाटांनी खेळवलेलं.

बिचाऱ्याला मी हरऊवती शब्द म्हणून दाखवला. हसला फक्त.

---

गोदातीर

'क्षत्रप' शब्द वाचून राहवलं नाही, थोडं अवांतर.

बेहिस्तूनच्या लेखात क्षत्रप हा हुद्दा लावून दोनच माणसं येतात. एक बाख्त्रीचा (बल्ख) दादर्शी आणि दुसरा हाच विवान. मूळ शब्द साधारण 'क्षत्रपावन', म्हणजे क्षत्र राखणारा. सहाशे वर्षं पुढे या. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात दानाचा लेख कोरतो. हुद्दा तोच, माणसं शक. हखामनींचं राज्य जाऊन चार शतकं उलटली होती, पण खुर्चीचं नाव राहिलं. आणि हे शक ज्या वाटेने खाली आले म्हणतात ती धुळाक्षरांच्या सुभ्याला लागूनच. शेजारच्या द्रंगियानाचं नाव या लोकांमुळे सकस्तान आणि मग सीस्तान झालं.

धुळाक्षरांचा खजिनदार अरामी मजकुरात 'गंजबर' असतो. मथुरेच्या क्षत्रपांच्या काळातल्या एका लेखात हाच 'गंजवर' म्हणून भेटतो. खातं आणि खुर्ची दोन्ही सरकत सरकत गंगा-यमुनेपर्यंत आली.

नहपानाचं पुढे काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. १९०६ साली जोगलटेंभीला त्याची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. वितळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

---

चौकस काकू

मी इतिहासातली नाही, पण त्या खलांवर नेमकं काय लिहिलं होतं ते कुणी सांगेल का? 'मजकूर आहे' म्हणून पुढे गेलात.

---

धुळाक्षर

काकू, बरोबर पकडलंत. साचा साधारण असा: अमक्या किल्ल्यात, तमक्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, अमुक माणसाने हा खल (किंवा बत्ता, किंवा थाळी) केला, हरऊवतीमधल्या तमुक खजिनदारापाशी, अमुक वर्षाचा 'एश्कर'. या शेवटच्या शब्दावरच सगळी गंमत आहे. त्याचा अर्थ कर किंवा नजराणा असा घेतला जातो. 'केला' म्हणजे घडवला की वापरला, यावर मघाचा यज्ञविधीचा वाद उभा आहे.

---

चौकस काकू

अहो, मग हे आमच्या भांड्यांवरच्या नावासारखंच झालं! 'चि. सौ. कां. अमकी हिस, तमक्या मामांकडून, ता. अमुक.' लग्नात आलेल्या प्रत्येक तांब्यावर हे असतं. गाव, देणारा, घेणारा, वर्ष. कोणी काय दिलं ते पुढच्या लग्नात परतफेडीला उपयोगी पडतं.

---

धुळाक्षर

काकू, दंडवत. एवढं चपखल मला सुचलं नसतं. फरक एवढाच की तिथे कोरलेलं नाही, शाईने लिहिलेलं आहे. आणि लग्न नाही, बादशहा आहे.

---

तिसरी_घंटा

कंदाहार म्हटल्यावर अब्दालीचं नाव अजून कसं आलं नाही? १७४७ साली त्याला तिथेच राजा केला, त्याची कबर तिथेच आहे. १४ जानेवारी १७६१ नंतर आपण त्या गावाचं नाव प्रेमाने घेण्याचं कारण नाही.

---

धुळाक्षर

मुद्दाम टाळलं होतं, पण त्यात एक उपयोगी गोष्ट आहे. अब्दालीचं कंदाहार म्हणजे आजचं शहर. जुनं कंदाहार त्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत. ते नादिरशहाने १७३८ मध्ये लांबलचक वेढ्यानंतर घेतलं आणि उद्ध्वस्त केलं. लोक परत राहायला गेले नाहीत. ही त्या काळच्या माणसांची आपत्ती, पण पुरातत्त्ववाल्यांना त्यामुळे मोकळी जमीन मिळाली. १९७० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे खणलं, तेव्हा खालच्या थरांत हखामनी काळची तटबंदी लागली आणि इलामी भाषेतल्या मातीच्या पाटीचे तुकडे मिळाले.

हे तुकडे लहान आहेत, पण मला ते फार मोठे वाटतात. इलामी ही पर्सेपोलिसच्या हिशेबनीसांची भाषा. राजधानीत अशा हजारो पाट्या आहेत: अमुक प्रवाशाला इतकं पीठ, इतकी दारू, सोबत अमक्याचा शिक्क्याचा परवाना. तीच पद्धत, तीच भाषा, तीच पाटी कंदाहारात. म्हणजे तिथे एक कारकून बसला होता आणि तो राजधानीच्याच नमुन्यात जमाखर्च लिहीत होता. तिथल्या लोकांची बोली काय होती याचा त्या पाटीत मागमूस नाही.

आता राहिलेला भाग इथेच टाकतो, वेगळा धागा काढत नाही.

सिकंदराच्या वेळी इथला क्षत्रप होता बर्सायंतेस. सिकंदराविरुद्धच्या गौगमेलाच्या लढाईत त्याच्या हाताखाली अराखोसियाचे लोक होते आणि सोबत ग्रीक ज्यांना 'डोंगरी भारतीय' म्हणतात तेही. एकाच सुभेदाराकडे दोन्ही बाजूंची माणसं. हरल्यावर पळणाऱ्या तिसऱ्या दारियसला ज्यांनी कैद करून भोसकलं, त्यांत हाही होता. मग सिंधूच्या अलीकडच्या भारतीयांकडे आसऱ्याला गेला. त्यांनी त्याला सिकंदराच्या हवाली केलं आणि सिकंदराने धन्याशी दगा केल्याबद्दल ठार मारलं. नाक्यावरच्या माणसाला पळायला दोन दिशा असतात, पण दोन्हीकडे ओळखीचे लोक असतात हा त्यातला तोटा.

सिकंदराने तिथे मेनन नावाचा माणूस बसवला. पुढे सिबिर्तिओस आला. मेगास्थेनीस हा चंद्रगुप्ताच्या दरबारातला ग्रीक वकील म्हणून आपण शाळेत पाठ केला. तो या सिबिर्तिओसकडे राहत असे आणि तिथून चंद्रगुप्ताकडे जात असे, असं ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो. पाटलीपुत्राच्या त्या प्रसिद्ध वर्णनामागचा मुक्काम म्हणजे कंदाहारचा सुभा.

इ.स.पू. ३०५ च्या सुमाराला सेल्यूकस आणि चंद्रगुप्ताचा तह झाला. सेल्यूकसने सिंधूच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि बदल्यात ५०० हत्ती घेतले. आधी या सुभ्यातून हत्तीचे दात पश्चिमेला जात होते, आता सुभ्याच्या बदल्यात अख्खे हत्ती गेले.

आणि मग अशोक. १९५८ साली जुन्या कंदाहारजवळ चिलजिना इथे खडकावर लेख सापडला. वर ग्रीक, खाली अरामी. त्यात राजाचं नाव 'पियोदास्सेस', म्हणजे पियदस्सी, अशोकाचं बिरुद. धम्म शब्दाला ग्रीकमध्ये 'युसेबिया' केलंय, म्हणजे देवाधर्माची बूज. राजाने प्राणी खाणं सोडलं, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवली, असा मजकूर. १९६३ मध्ये आणखी एक ग्रीक दगड मिळाला, त्यात अशोकाच्या तेराव्या शिलालेखाची सुरुवात आहे. कलिंगाच्या युद्धातलं दुःख, कलिंगापासून इतक्या लांब, ग्रीक भाषेत.

ग्रीक समजतं, तिथे ग्रीक वस्ती होती. अरामी कशाला? हखामनी राज्य जाऊन सत्तर वर्षं झाली होती. पण कचेरीची भाषा इतक्यात मरत नाही. मराठेशाहीत फारसी गेली तरी दप्तर, फडणीस, सुभेदार, हुकूम राहिलेच ना? अशोकाच्या अधिकाऱ्यांनी तिथल्या कारकुनाला समजेल अशा भाषेत लिहून घेतलं.

---

सांडणीस्वार

एवढं सगळं झालं, पण राजे आणि सुभेदारच. तिथल्या साध्या माणसाचं काही?

---

धुळाक्षर

एक आहे, आणि मी तो शेवटी ठेवला होता.

कंदाहारचाच म्हणून एक चौकोनी दगड २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशोकानंतरचा, ग्रीक राजांच्या काळातला. त्यावर ग्रीक कविता आहे, उत्तम छंदोबद्ध. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की कवीचं नाव निघतं: 'नरातोसचा मुलगा सोफुतोस याच्याकडून'. ही नावं ग्रीक नाहीत. काहींना त्यामागे सुभूती आणि नारद दिसतात.

गोष्ट अशी. घराणं पूर्वी भरभराटीचं होतं, नशिबाने पार धुळीला मिळालं. मी लहान, पोरका. विद्या शिकलो, मग घर कसं उभं करावं याचा विचार केला. दुसऱ्याकडून पैसे कर्जाऊ घेतले आणि भरपूर कमावल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवून निघालो. गावोगाव व्यापार केला. पुष्कळ वर्षांनी श्रीमंत होऊन परतलो, वाडवडिलांचं पडकं घर पहिल्यापेक्षा चांगलं बांधलं, मोडलेल्या थडग्याच्या जागी नवं उभारलं. आणि जिवंतपणीच हा दगड रस्त्याच्या कडेला लावला. माझ्या मुला-नातवंडांनी हे घर सांभाळावं.

यात एकही राजा नाही. चारशे वर्षं या सुभ्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं, आणि तिथल्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडलं ते कर्ज, धंदा आणि घराची डागडुजी सांगायला.

---

गोदातीर

भारीच. सोफुतोसने काय दराने घेतलं ते लिहायला हवं होतं. आमच्या उषवदाताने लिहिलंय: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) २००० कार्षापण (नाणी) ठेवले, महिना शेकडा १ दराने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचं नाही, व्याजातून भिक्षूंना चीवर.

---

मावळतीकर

पार्थियनांच्या काळात काय झालं? तेही इराणीच साम्राज्य.

---

धुळाक्षर

हो, राहिलंच. सिकंदरानंतर सुमारे तीनशे वर्षांनी खारक्सच्या इसिडोर या ग्रीक लेखकाने पार्थियन रस्त्यावरच्या मुक्कामांची यादी केली. ती फुरात (युफ्रेटिस) नदीपासून सुरू होते आणि संपते अराखोसियात. शेवटचं गाव 'अलेक्झांड्रोपोलिस', ते ग्रीक आहे आणि इथवरच पार्थियनांची सत्ता, असं तो नोंदवतो. आणि जाता जाता सांगतो की पार्थियन लोक या प्रांताला 'पांढरा हिंद' म्हणतात. पांढरा का, ते त्याने लिहिलं नाही. पश्चिमेकडून येणाऱ्याला तिथे भारत लागायला सुरुवात झाली असं वाटत होतं, एवढं मात्र नक्की. आपल्याला ते अफगाणिस्तान वाटतं.

अरबांच्या लिखाणात हाच भाग 'रुख्खज' म्हणून येतो. नीट कान देऊन ऐका, हरख्वैतीच आहे, पुढची टोकं झिजलेली.

---

वाळूचा_कण

रुख्खज म्हणून दाखवला. त्याने तिसऱ्यांदा म्हणायला लावला, मग म्हणाला माहीत नाही. पण सोफुतोसची गोष्ट सांगितली तेव्हा गप्प बसला. त्यानेही इकडे यायला पैसे उचलले होते. घर बांधून झालंय म्हणाला, अजून राहिला नाही त्यात.

---

चौकस काकू

धागा वाचून माळ्यावरचा खलबत्ता खाली काढला. पितळी आहे, सासूबाईंच्या लग्नातला. चिंच लावून घासला तेव्हा अक्षरं दिसली. देणाऱ्याचं आडनाव वाचता येतंय, गाव वाचता येतंय, कऱ्हाड. सासूबाईंचं नाव कुटून कुटून गेलंय, आणि साल अर्धंच. १९ आणि पुढे एक उभी रेघ.